भोळ्या बोंबलाचे नव्वद दिवस

माणसाने आजवर जेवढे करार केले, त्यांतला एकच करार खऱ्या अर्थाने निःस्वार्थ आहे. बाकीचे करार सही करणाऱ्यांच्या फायद्याचे असतात. वन्यजीवांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार मात्र ज्यांना सही करता येत नाही त्यांच्यासाठी आहे. पावणेदोनशेहून जास्त देशांनी एकत्र बसून कबूल केलं, की अमुक प्राणी किंवा तमुक झाड संपत आलं आहे, तेव्हा ते विकायचं नाही आणि विकत घ्यायचंही नाही. माणुसकीचा याहून मोठा दाखला नाही, असं मी विद्यार्थ्यांना पंधरा वर्षं सांगत आलो.

मग मला त्या कराराच्या पंधराव्या कलमातला तिसरा परिच्छेद वाचावा लागला. त्यात असं आहे, की एखादा जीव यादीत आला की पुढचे नव्वद दिवस कुठल्याही देशाला एक पत्र पाठवता येतं: या एका जिवापुरतं आम्हाला करारात धरू नका. पत्र पोचलं की तो देश त्या जिवापुरता परका. म्हणजे लग्नाला यायचं, पंगतीत बसायचं, फोटोत पुढच्या रांगेत उभं राहायचं, आणि आहेराची वेळ आली की म्हणायचं, तेवढ्यापुरतं आम्हाला नातेवाइकांत धरू नका. देवमाशांच्या बाबतीत काही देश कित्येक वर्षं असे तेवढ्यापुरते परके आहेत. बाकी सगळ्या प्राण्यांवर त्यांचा जीव आहे.

हा परिच्छेद मला वाचावा लागला तो सासूबाईंमुळे.

मी मूळचा जालन्याचा. माशांच्या जनुकांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत लागलो, कारण तिथे जागा रिकामी होती. दर्शना मला तिथेच भेटली. ती हिशेबनीसही नव्हती आणि शास्त्रज्ञही नव्हती. संस्थेचे नमुने परदेशी पाठवण्याचं काम बघायची आणि माझ्या खोक्यांवरचे पत्ते दुरुस्त करायची. ती कोरळबंदरच्या पागधरे कोळ्यांची. लग्नानंतर तिने नोकरी सोडली आणि आईच्या बोंबलांच्या मागे लागली. आईचं नाव धर्माबाई. त्या आणि गावातल्या तेरा बाया मिळून बोंबील सुकवतात. दर्शना त्याच्या पुड्या करून लंडनपासून न्यू जर्सीपर्यंत पाठवते. पुडीवर धर्माबाईंचा फोटो आहे. त्यात त्या फोटोग्राफरवर रागावलेल्या आहेत, त्यामुळे माल अस्सल वाटतो.

तर कुळकाडी.

आता ती औषधाच्या दुकानातही मिळते, पण तेव्हा नवीन होती. थर्मामीटरएवढी काडी. वस्तूला ओली करून घासायची, दोन मिनिटं थांबायचं. काडीतल्या चिपेवर केसाहून बारीक हजारो छिद्रं असतात. वस्तूत राहिलेले जनुकांचे तुकडे त्या छिद्रांतून दोऱ्यासारखे ओवले जातात आणि जाता जाता वाचले जातात. फोनवर यादी येते, की या वस्तूत कोणकोण जीव आहेत. शिजलेलं असो, वाळलेलं असो, पॉलिश केलेलं असो. यादीत कायद्याने जपलेला कोणी असेल तर काडीचं टोक जांभळं होतं.

बंदरांवरच्या तस्करीसाठी ही काडी काढली होती. सहा महिन्यांत ती घराघरांत गेली, आणि तस्करांपेक्षा नातेवाईकच जास्त सापडले. आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त न्यायाधीशांच्या गळ्यातलं पिढीजात वाघनख म्हशीच्या शिंगाचं निघालं. ते कायद्यातून सुटले, पण घराण्यातून उठले.

कुळकाडीमुळे दुसराही एक बदल झाला. पूर्वी नवी जात जाहीर करायची तर तिचा एक देह बाटलीत ठेवून दाखवावा लागे. आता जनुकांचा आराखडा पुरेसा झाला. जीव कोणी पाहिलेला नसला तरी चालतं. त्याला नाव देता येतं, यादीत घालता येतं, वाचवता येतं. या नव्या नियमाचा पहिला मोठा लाभार्थी मी.

दिवाळीला सासरहून आलेल्या चाळीस पुड्या घरात पडून होत्या. मी त्या प्रयोगशाळेत नेल्या, बोंबील मिक्सरमधून दळले आणि त्यांतली जनुकं वाचली. बोंबलाची जनुकं निघालीच. पण त्यांत थोडी थोडी दुसरीही निघाली. बोंबलाच्या जवळची, पण बोंबलाची नव्हेत. निराळीच जात, काही लाख वर्षांपूर्वी वेगळी झालेली. आराखड्यांत आपसांत फरक इतका कमी, की जगात असे मासे काही हजारच उरले असावेत. मी शोधनिबंध लिहिला. नाव ठेवताना मला कोणाची तरी आठवण ठेवायची होती, आणि पुड्या तर सासूबाईंच्या होत्या. हार्पाडॉन हे बोंबलाच्या कुळाचं शास्त्रीय नाव, पुढचा शब्द त्यांचा: हार्पाडॉन धर्मी.

सासूबाईंना मी फोनवर सांगितलं.

"माज्या नावाचा मासा?"

"हो, आई."

"दिसतं कसा?"

"अजून कोणी पाहिलेला नाही."

"पोर जन्मायच्या आधी बारसं," त्या म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवसापासून बाजारात त्यांनी बसायची जागा दोन हात पुढे घेतली, असं दर्शनाने सांगितलं.

पुढच्याच वर्षी करारातले देश कुठल्याशा थंड गावात जमले. काही हजार उरलेला, अजून कोणी न पाहिलेला मासा म्हटल्यावर सगळ्यांचे हात एकदम वर गेले. हार्पाडॉन धर्मी सर्वांत कडक यादीत गेला. बंदी नव्वद दिवसांनी लागू होणार होती. मी पेढे वाटले. दर्शनाने पेढा घेतला, हातात धरला आणि विचारलं, "आईच्या पुड्यांत हा मासा निघाला, असं तू जगाला लिहून दिलंयस ना?"

"हो. पान चारवर."

तिने पेढा परत डब्यात ठेवला.

आठवड्याभरात लंडनच्या दुकानदाराचं पत्र आलं. नव्वदाव्या दिवसानंतर ज्या पुडीत काडी जांभळी होईल ती पुडी घेता येणार नाही. घेतली तर त्यालाच आत जावं लागेल. दोन दिवसांनी न्यू जर्सीचं तसंच पत्र. मग कराराचं काम बघणाऱ्या दिल्लीतल्या कार्यालयातून नागपुरे मॅडमांचा फोन. त्या मूळच्या वर्ध्याच्या, हे त्यांनी न सांगताच कळलं.

"सर, तो धर्मी मासा तुमचाच ना? आपण या माशापुरतं करारातून बाहेर राहायचं का नाही, यावर तुमचं मत पायजे. जगात एकच तज्ज्ञ आहे म्हणून लिहिलं आहे फायलीत."

"किती दिवस आहेत?"

"नव्वद होते. आता ब्याऐंशी राहून राहिले."

माझी गंमत अशी झाली, की बाहेर राहा म्हणालो तर माझ्याच माशाला मी वाऱ्यावर सोडणार, तेही सासूच्या धंद्यासाठी. राहू नका म्हणालो तर चौदा बायांचं काम बंद, आणि पुडीवर फोटो सासूचा. संस्थेतले सहकारी सहानुभूतीने बघू लागले. त्यांच्यापैकी कोणीच माशाला सासूचं नाव दिलं नव्हतं.

दर्शना आईच्या पुड्यांचा हिशेब माझ्याच टेबलावर मांडून बसू लागली. हे चांगलं लक्षण नाही, एवढं मला लग्नाच्या अकरा वर्षांत कळलं होतं. एका सकाळी मीच विषय काढला.

"तो मासा एकदा संपला तर परत येणार नाही, दर्शना."

"कोणी बघितलाय?"

"प्रश्न तो नाही."

"आईला मी बघितलंय," ती म्हणाली. "अठ्ठावन्न वर्षांची आहे. पहाटे चारला धक्क्यावर असते. आता तिला मी सांगायचं, की तुझ्याच नावाच्या माशामुळे तुझे बोंबील बंद."

बासष्टाव्या दिवशी आम्ही कोरळबंदरला गेलो. मी ठरवलं होतं, की सासूबाईंना समोरासमोर बसून सगळं समजावून सांगायचं: जनुकं, करार, नव्वद दिवस. जावई गेल्यावर आधी जेवण असतं, हे विसरलो होतो.

त्या घरी नव्हत्या. किनाऱ्यावर वलांडीपाशी होत्या. वलांडी म्हणजे उभे बांबू रोवून त्यांच्यामध्ये आडव्या दोऱ्या बांधलेल्या असतात ती. कपडे वाळत घालावेत तसे बोंबील त्यावर असतात. पण बोंबलाला चिमटा लागत नाही. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. बोंबलाचे दात आत वळलेले, आकड्यासारखे. एकदा धरलं की मेल्यावरही सोडत नाहीत. दोन्ही बाजूंना एकेक लोंबतो. चौदा बाया हे काम बोलता बोलता, हाताकडे न बघता करतात. दिवसभरात हजारो जोड्या.

मी बोलायला सुरुवात केली. त्या ऐकत होत्या आणि हात चालू होते. मध्येच एका माशाचा जबडा त्यांनी दुसऱ्यात घातला, काढला, आणि तो मासा बाजूच्या लहान टोपलीत टाकला. थोड्या वेळाने अजून एक.

"तो का वेगळा, आई?"

"यो? यो भोळा."

"भोळा म्हणजे?"

"दात हायत, पन आकडा नाय. धरीत नाय दुसऱ्याला. दोरीवर टाकला का सुटतं, खाली पडतं, कावळा नेतं. म्हनून भोळ्याला आमी वर घालीतच नाय."

मी टोपलीत पाहिलं. बोंबलासारखाच बोंबील. जरा फिकट, जरा जास्त पाणीदार, चेहऱ्यावर खरोखरच विश्वासू भाव. मी एक उचलून दातांवरून बोट फिरवलं.

"हे जुनं आहे? सगळ्यांना माहीत आहे?"

"माज्या आजीला ठाव होतं."

"मग या भोळ्यांचं करता काय?"

सासूबाईंनी पहिल्यांदा हात थांबवले आणि माझ्याकडे बघितलं. जावई हुशार आहे असं पोरगी सांगते, ते खरं धरायचं का नाही, अशा नजरेने.

"तुमाला घालतंय," त्या म्हणाल्या. "अकरा वर्सां. त्याला काटा नरम. तुमी जालन्याचं, तुमाला काटा काडता येत नाय."

जेवायला बसलो. पाट्याखाली दाबून पाणी काढलेले, तांदळाच्या पिठात घोळवलेले तीन बोंबील माझ्या ताटात आले. सासरी माझे बोंबील नेहमीच जास्त मऊ लागतात, हा जावयाचा मान असतो, अशी माझी समजूत होती. ती बरोबर होती. मी खिशातून कुळकाडी काढली. दर्शना म्हणाली, "आईने वाढलेल्या ताटात काडी घालू नकोस, वाईट दिसतं." मी घातली.

दोन मिनिटांनी यादी आली. भात. चिंच. हळद. मिरची. लसूण. हार्पाडॉन धर्मी. काडीचं टोक वांग्यासारखं जांभळं.

जगात कोणी न पाहिलेला मासा मी अकरा वर्षं लिंबू पिळून खात होतो. वर्षाला चार फेऱ्या, फेरीला सहासात मासे धरले, तरी हार्पाडॉन धर्मीच्या ज्ञात शत्रूंमध्ये माझा क्रमांक बराच वर लागत होता.

"पण आई," दर्शना म्हणाली, "भोळा वर घालतच नाही तर पुड्यांत कुठून आला?"

हा प्रश्न मला पडायला हवा होता. सासूबाईंनी मला विचारलं, "तुमी पुडीतला बोंबील कसा तपासलाव?"

"दळून."

"काय काय काडून?"

"काही नाही. अख्खा."

"पोटासकट?"

 सुका बोंबील शिजवायचा म्हणजे डोकं मोडायचं, शेपूट मोडायची, पोट काढायचं आणि मगच तुकडे करायचे, हे किनाऱ्यावरच्या चार वर्षांच्या मुलीलाही माहीत असतं. पंधरा वर्षांत माझ्या प्रयोगशाळेत कोणाला माहीत नव्हतं.

"आई, हा पोट न काढता दळतो," दर्शना म्हणाली, आणि हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मग तिला थांबताच येईना. "आणि वर त्याचं बारसं करतो."

सासूबाईंनी शिंक्यावरचा एक सुका बोंबील घेतला, कट्कन मोडला आणि पोटातून नखाने काहीतरी ओढून काढलं. करंगळीएवढं, कागदासारखं वाळलेलं. मला डोळे दिसले, जबडा दिसला. दात सरळ होते.

"बोंबील खादाड हाय. मोटा बारक्याला गिळतं. भोळा तर पळत पन नाय."

मी काडी लावली. जांभळी.

म्हणजे माझा शोध खरा होता. मासा खरा होता, दुर्मीळही होता. फक्त तो व्यापारात नव्हता. तो व्यापारातल्या माशाच्या पोटात होता. पोट काढून पुड्या केल्या तर एकही काडी जांभळी होणार नाही, आणि कोणालाही कुठल्याही करारातून बाहेर पडायची गरज नव्हती. मी हे जमेल तितक्या उत्साहाने सांगितलं.

"पोट काडून सुकवला तर तो बोंबील नाय," सासूबाई म्हणाल्या. "ती नुसती दोरी."

"आई, तीस दिवस आहेत."

"एकेका माशाचं पोट काडायचं? चौदा बायांनी? तुमच्या काडीला जांभळा रंग आवडत नाय म्हनून?"

याचं उत्तर दर्शनाकडे होतं. "हाही बसेल पोटं काढायला," ती म्हणाली.

मी सुट्टी टाकून चार दिवस बसलो. पहिल्या दिवशी माझ्या हातून मासे कमी आणि बोटं जास्त कापली गेली. बाया माझ्याकडे बघून एकमेकींना काहीतरी सांगत आणि हसत. दर्शनाने त्याचं भाषांतर करायला नकार दिला. चौथ्या दिवशी शेजारच्या बाईने मला सुरी उलटी कशी धरायची ते दाखवलं. पोट काढलेले बोंबील लवकर वाळतात, असं पाचव्या दिवशी निघालं. एक ऊन वाचतं. सासूबाईंनी हे माझ्याकडे न बघता मान्य केलं.

राहिला प्रश्न जाळ्यात येणाऱ्या भोळ्यांचा. त्याबद्दल मी काही बोललो नव्हतो. आधीच पुष्कळ मागून झालं होतं. निघायच्या दिवशी जेवताना ताटात साधा बोंबील होता. सासूबाई समोर बसून त्याचा काटा स्वतःच्या हाताने काढून देत होत्या.

"भोळा नाही आज?" मी सहज विचारलं.

"नाय." त्यांनी काटा ताटाच्या कडेला ठेवला. "माज्या नावाचा हाय, तर मीच तळू व्हय?"

मग त्यांनी सांगितलं, की भोळा वर्षभर सारखा येत नाही. कोजागिरीनंतरच्या दोन उधाणांना खाडीच्या तोंडाशी येतो. एरवी दिसतो तो चुकार, दिवसाला चारदोन. त्या दोन उधाणांत डोल, म्हणजे खुंटांना बांधायचं मोठं जाळं, खाडीच्या तोंडाशी लावायचं नाही, बाहेर न्यायचं. होडीवर जाणाऱ्या मोठ्या मुलाला त्यांनी आदल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

"बाकीचे नाखवे ऐकतील?"

"त्यांच्या बायका वलांडीवर माज्या बाजूला बसतात," त्या म्हणाल्या.

टोपलीतला शेवटचा भोळा मी बाटलीत घालून घेतला. माझ्या जातीचा पहिला देह. सासूबाईंनी बाटली उजेडात धरून पाहिली. तळायचा सोडून पाण्यात घालणं त्यांना पटलं नव्हतं, पण चेहरा बघून त्या म्हणाल्या, "पुडीवरच्या फोटूपेक्षा बरी दिसतंय."

एकाहत्तराव्या दिवशी मी दिल्लीला मत पाठवलं: सहा पानं, दोन आकृत्या, जबड्यांचे फोटो. आपण करारातच राहावं, अपवादाची गरज नाही. आयुष्यात लिहिलेलं हे माझं सर्वांत स्वच्छ सहापानी लिखाण होतं. संध्याकाळी नागपुरे मॅडमांचा फोन आला.

"सर, मत लय छान आहे. मी पूर्ण वाचलं. ते पोटाचं तर मी घरी पण सांगितलं."

"मग आता?"

"आता काही नाही. आपण यादी आल्यावर तिसऱ्याच दिवशी पत्र पाठवून दिलं होतं ना. बाहेर आहोत आपण."

"मग माझं मत कशाला मागितलं?"

"फायलीला लागते ना, बाप्पा."

मी विचारलं, की बाहेर पडून उपयोग काय, कारण बोंबील घेणारे देश तर आतच आहेत. आपण बाहेर गेलो म्हणून त्यांच्या बंदरावरची काडी पांढरी होत नाही. त्या म्हणाल्या, हे कार्यालयाच्या नंतर लक्षात आलं. आपल्यामागून आणखी नऊ देश बाहेर पडले होते. आता त्या नऊ देशांशी हार्पाडॉन धर्मीचा व्यापार आपण बिनधास्त करू शकत होतो.

"ते कशासाठी बाहेर पडले?"

"आपण पडलो म्हणून. एवढा मोठा देश पडला तर काहीतरी असेल, असं वाटलं त्यांना." कागद चाळल्याचा आवाज आला. "त्यातल्या पाचांना समुद्र नाही."

"पत्र मागे घेता येतं?"

"मागे घ्यायला मुदत नाही, सर. कधीबी घ्या. फक्त नवीन फाईल उघडावी लागते."

फाईल उघडली, तिला सव्वा वर्ष लागलं, आणि आपण त्या माशापुरते पुन्हा सगळ्यांचे झालो. तोवर नव्वदावा दिवस येऊन गेला होता. लंडनच्या बंदरावर सासूबाईंच्या पुड्यांना काड्या लावल्या गेल्या. एकही जांभळी झाली नाही. पुडीवर आता दर्शनाने एक ओळ छापली आहे: पोट काढलेले. परदेशातून तक्रारी आल्या, की पूर्वीसारखा वास येत नाही. त्यातल्याच काहींनी खाली लिहिलं होतं, की शेजाऱ्यांच्या तक्रारी बंद झाल्या आहेत, तरी पुड्या पाठवत राहा.

सासरी मला आता साधाच बोंबील मिळतो. काटा सासूबाई काढतात. गेल्या वेळी त्यांनी अर्ध्यावर सोडून दिला आणि म्हणाल्या, "आता शिका."

गेली दोन वर्षं मी हार्पाडॉन धर्मी नक्की कशाने मरतो, एवढंच मोजतो आहे. उत्तर आलं आहे. शंभर भोळ्यांतले अठ्ठ्याण्णव साध्या बोंबलाच्या पोटात जातात. उरलेल्या दोनांत जाळी, कावळे आणि मी, असे सगळे आलो. बोंबील कुठल्याही कराराचा सदस्य नाही.